केरबाच्या चेहऱ्यावरचा संघर्ष

गंगाधर पोंक्षे यांना छायाचित्रणातलं नेमकं एक कळत होतं, ते म्हणजे क्षितिज सरळ पाहिजे. एवढ्या एका भांडवलावर त्यांनी साताऱ्याच्या 'दृष्टिक्षेप छायाचित्र मंडळा'त चार वर्षं लोकांना घाम फोडला होता. कुणी कासच्या फुलांचा फोटो दाखवला की पोंक्षे चष्मा कपाळावर सरकवणार आणि म्हणणार, "क्षितिज तिरकं आहे." कुणी अजिंक्यताऱ्यामागचा सूर्यास्त आणला, तरी तेच. एकदा दातांचे डॉक्टर अनीश यांनी पुतणीच्या बारशाचा फोटो आणला. त्यात क्षितिज शोधूनही सापडेना, तेव्हा पोंक्षे म्हणाले, "पाळणा तिरका आहे." आता पाळणा हलायचाच, पण डॉक्टरांनी म्हणे घरी जाऊन कडी तपासली.

मंडळ दर रविवारी सकाळी दहा वाजता सदाशिव पेठेतल्या एका शिवणवर्गाच्या माडीवर भरायचं. भिंतीवर फोटो दाखवायचा, बाकीच्यांनी अभिप्राय द्यायचा आणि ज्याचा फोटो आहे त्याने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, अशी तिथली शिस्त. माणूस एरवी आपल्या फोटोबद्दल निदान 'ऊन फार होतं हो' एवढं तरी म्हणतो. इथे तेही नाही. अध्यक्ष निमिष हे घरांची आतली सजावट करून देत, पण कुठल्याशा आठ दिवसांच्या शिबिराला जाऊन आल्यापासून काळा कुडता घालून फिरत. ते फोटोला फोटो म्हणत नसत, 'प्रतिमा' म्हणत. कुठलीही प्रतिमा भिंतीवर आली की हनुवटीला दोन बोटं लावून मिनिटभर गप्प बसायचे आणि मग विचारायचे, "यात गोष्ट कुठंय?" समोर सज्जनगड असो नाहीतर वांग्याचं भरीत, गोष्ट पाहिजेच.

मंडळाचं वर्षातून एकदा प्रदर्शन व्हायचं. त्यात बारा फोटो लागायचे आणि त्यातल्या एकाला पहिलं बक्षीस मिळायचं. चार वर्षांत चार बारे अठ्ठेचाळीस फोटो भिंतीवर चढले, पण पोंक्ष्यांचा एकही नाही. मंडळात गेल्या श्रावणात आलेली अश्लेषा फक्त आपल्या मांजराचे फोटो काढते, तिची दोन मांजरं लागली! पोंक्ष्यांच्या पत्नी चारुशीलाबाई ती पाहून आल्या आणि जेवताना म्हणाल्या, "मांजर मात्र गोड होतं हो." पोंक्ष्यांनी त्या दिवशी ताक घेतलं नाही. विमा कंपनीत पस्तीस वर्षं लोकांचे दावे नामंजूर केलेला माणूस, पण स्वतः नामंजूर होणं त्यांना सहन होईना. या वर्षी फोटो भिंतीवर लागलाच पाहिजे, नाहीतर पुन्हा त्या माडीची पायरी चढायची नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

अशात ते बायकोबरोबर औंधला यमाईच्या दर्शनाला गेले. डोंगराच्या पायऱ्यांवर त्यांना एक जोडपं बसलेलं दिसलं. म्हातारा पासष्टीचा, मिशा भरघोस, कपडे पांढरे कडक इस्त्रीचे, डोळ्यांवर गॉगल. शेजारी बायको उसाच्या रसाची बाटली तोंडाला लावून बसलेली. दोघं कशावर तरी खो खो हसत होते. पोंक्ष्यांनी कॅमेरा उचलून खूण केली.

"काडा की," म्हातारा म्हणाला. "ए बने, बाटली खाली ठेव, सायेब फोटू काडत्यात."

"ऱ्हाऊ दे की बाटली," बनुबाई म्हणाली. "ती काय चोरीची हाय व्हय?"

म्हाताऱ्याचं नाव केरबा. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त, कडेगावजवळच्या गावात सहा एकर ऊस. गावच्या सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं, म्हणून देवीच्या कानावर घालायला आला होता. त्याने पोंक्ष्यांना आपला नंबर दिला, अर्धी बाटली रस दिला आणि "कवाबी या घराकडं" असं आमंत्रणही दिलं. फोटो झकास आला होता. क्षितिज तर ओळंब्याने धरल्यासारखं सरळ. बसमध्ये पोंक्ष्यांनी तो चारुशीलाबाईंना सात वेळा दाखवला.

रविवारी तो भिंतीवर आला. निमिष मिनिटभर नव्हे, चांगली दोन मिनिटं गप्प बसले. पोंक्ष्यांचा जीव टांगणीला लागला.

"हा माणूस," निमिष शेवटी म्हणाले, "फार सुखी आहे."

माडीवर हळहळ पसरली. एकदा अध्यक्षांनी वाट दाखवल्यावर बाकीच्यांना काय, पाटच फुटले. डॉक्टर अनीश म्हणाले, गॉगल खटकतो, शेतकरी वाटत नाही. अश्लेषा म्हणाली, दात दिसताहेत. डॉक्टर पुन्हा म्हणाले, दात उत्तम आहेत आणि तेच वाईट आहे. कुणी म्हणालं, रंग काढून टाका. कुणी म्हणालं, बायको काढून टाका. भार्गवी नावाच्या बाई इतके दिवस फक्त चहाचं बघायच्या, त्याही म्हणाल्या, "त्याने आभाळाकडे बघायला हवं होतं." पोंक्षे शिस्तीप्रमाणे मुकाट बसले होते. त्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, तो सुखीच आहे, मी काय करू?

"चेहऱ्यात ताकद आहे," निमिषनी समारोप केला. "पण चेहऱ्यावर संघर्ष नाही. पोंक्षे, पुन्हा जा. तो क्षण शोधा. फक्त लक्षात ठेवा, मांडून काढलेली प्रतिमा आपल्याकडे बाद असते. क्षण आपण होऊन आला पाहिजे."

म्हणजे गॉगल काढायचा, बायको हटवायची, दात मिटवायचे, मान वर करायची, आणि हे सगळं आपण होऊन आलं पाहिजे! पण पोंक्ष्यांच्या कानात 'ताकद आहे' एवढंच घुमत राहिलं. चार वर्षांत त्यांच्या कुठल्या फोटोत कुणाला काही सापडलं नव्हतं. बुधवारी ते कडेगावच्या बसमध्ये होते.

केरबाचं घर बघून त्यांना धक्काच बसला. दुमजली बंगला, दाराशी ट्रॅक्टर, आणि गच्चीवर सिमेंटचा रणगाडा. रणगाड्याच्या पोटात पाण्याची टाकी होती. असल्या घरापुढे संघर्ष आणायचा कुठून?

"मोठ्या प्रदर्शनात लागणार आहे तुमचा फोटो," पोंक्षे म्हणाले. "फक्त थोडा साधा पाहिजे. घोंगडं आहे का?"

"घोंगडं न्हाई वो, ब्लँकेट हाय," बनुबाई म्हणाली आणि तिने मिल्ट्रीच्या कॅन्टीनमधून आणलेलं गुलाबी ब्लँकेट आणलं. त्यावर आ वासलेला वाघ होता. वाघाच्या चेहऱ्यावर संघर्ष होता, पण उपयोग नव्हता.

शेवटी वस्तीवरच्या एका धनगराकडून घोंगडं आलं. तो स्वतः जाकीट घालून आला आणि घोंगडं परत मिळेपर्यंत हलायला तयार नव्हता. मग पडकी भिंत शोधणं आलं. गावात सगळ्यांचे स्लॅब. तास-दीड तास हिंडून एक जुना गोठा सापडला, तर त्याच्या दारावर कॅमेरा बसवलेला. त्या कॅमेऱ्याच्या खाली, तो फोटोत येणार नाही अशा बेताने, केरबाला उकिडवा बसवला. फौजेचा माणूस, बस म्हटलं की बसला.

"आता दुःखी व्हा," पोंक्षे म्हणाले.

"कशापायी?"

"काहीतरी वाईट आठवा."

केरबाने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "आमचे सासरे आठवू का?" त्याने विचारलं, आणि स्वतःच हसत सुटला. बनुबाई लांबून ओरडली, "माज्या बापाचं नाव काडायचं काम न्हाई हां!" की तो आणखी हसला. जाकीटवाला धनगरही हसायला लागला. अशी वीस-पंचवीस मिनिटं गेली. बारा वाजून गेले, एक वाजला. घरी पाहुण्यासाठी म्हणून मटण शिजत होतं आणि वारा तिकडून येत होता. दीड वाजता केरबाची मान आपोआप वासाच्या दिशेने वर झाली, गाल आत गेले, डोळ्यांत पाणी तरारलं. पोंक्ष्यांनी बटण दाबलं. त्यानंतर दोघांनी तीन-तीन भाकऱ्या तांबड्या रश्श्यात चुरून खाल्ल्या. घरी अंडंसुद्धा वर्ज्य मानणारे पोंक्षे रस्सा वाटीने प्यायले, पण ते त्यांनी चारुशीलाबाईंना सांगितलं नाही.

फोटो कृष्णधवल करून भिंतीवर आला, तेव्हा माडीवर टाचणी पडली तरी ऐकू आली असती. शिवणवर्गात टाचण्या पुष्कळ, पण कुणी पाडली नाही. निमिषनी डोळे टिपले. "किती दिवसांचा उपाशी असेल!" ते म्हणाले. गॉगल, दात आणि बायको गेल्यावर हा तोच औंधचा म्हातारा, हे माडीवर कुणाच्याच ध्यानात आलं नाही. पोंक्षे गप्प राहिले. या वेळी शिस्त त्यांना फारच सोयीची वाटली. "मांडून काढलेली नाही ना?" असं निमिषनी नंतर विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "वाटेत दिसला. नावसुद्धा विचारलं नाही." निमिषनी फोटोला 'अखेरचा प्रहर' असं नाव दिलं, बारा फोटोंत पहिला लावला आणि प्रदर्शनाच्या बोर्डासाठीही तोच निवडला.

पोंक्षे आठवडाभर जमिनीवर नव्हते. दूधवाल्यालासुद्धा त्यांनी कृष्णधवलचं महत्त्व सांगितलं.

प्रदर्शन या वर्षी सांगलीला होतं, कारण साताऱ्यातले सगळे, म्हणजे सभासदांचे नातेवाईक, बघून दमले होते. बोर्ड निमिषनी सांगलीतल्या एका फ्लेक्सवाल्याकडे फोनवरच सोपवला. शुक्रवारी सकाळी तो सभागृहाच्या फाटकावर, भर रस्त्यावर लागला. दहा फूट उंच केरबा, काळापांढरा, आभाळाकडे बघणारा. खाली ठळक अक्षरांत 'अखेरचा प्रहर'. त्याखाली प्रदर्शनाच्या तारखा. आणि दोन्ही बाजूंना दोन तेवत्या समया. समयांचं काय म्हणून निमिषनी फोन केला, तर फ्लेक्सवाला म्हणाला, "कृष्णधवल म्हातारं आलं की समया आमच्याकडनं असत्यातच. त्याला सांगावं लागत न्हाई." निमिषनी थोडा विचार केला आणि त्यांना त्या समयांतसुद्धा गोष्ट दिसली.

शनिवारी सकाळी पोंक्षे दाढी करत असताना फोन वाजला.

"सायेब, ह्ये काय केलंसा?" बनुबाईचा आवाज होता. "आमच्या ह्यास्नी मारलंसा की वो!"

झालं होतं ते असं. सोसायटीच्या पॅनेलचा म्होरक्या भाऊसो शुक्रवारी कामासाठी सांगलीला गेला होता. त्याने बोर्ड बघितला, मोबाईलवर टिपला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. वाचतंय कोण! काळा-पांढरा माणूस, समया, तारखा, आणखी काय पाहिजे? दुपारपर्यंत ग्रुपवर दीडशे जणांनी श्रद्धांजली वाहिली. केरबा मळ्यात पाणी पाजत होता, त्याचा फोन घरी चार्जिंगला. त्याची थोरली बहीण अंबूबाई कवठे महांकाळहून गाडी करून आली, वेशीपासून गळा काढत आली, आणि बघते तर भाऊ पायऱ्यांवर बसून पायाचा चिखल धुतोय. तिने त्याच्या दोन मुस्काडात दिल्या.

"त्ये बी ऱ्हाऊ द्या," बनुबाई म्हणाली. "पर दिस मावळायच्या आत पॅनेलनं ह्यांच्या जागी ह्यांच्याच पुतण्याचं, वीरधवलचं नाव लावलं. आता ह्ये जित्तं हायेत म्हटल्यावर भाऊसो म्हनतो, जित्या मानसानं सोताच्या मर्तिकाचा फोटू काडून घेतला, मतांसाठी सोंग केलं, असला मानूस आमाला नगं. सोमवारी फारम भरायचा शेवटचा दिस हाय! तुमी येऊन सांगा, सायेब."

"बघतो, बघतो," पोंक्षे म्हणाले. फोन ठेवला आणि बंदच करून टाकला. गालावर साबण तसाच वाळला. गावात जाऊन खरं सांगावं, तर फोटो मांडून काढला हे चव्हाट्यावर येणार, आणि उद्या तर बक्षीस. केरबा काय, जिवंत आहे. जिवंत माणसाला पुन्हा निवडणूक लढवता येते, पण आपल्याला पुन्हा भिंत मिळेल का? असा हिशेब माणूस साबण लावून करतो तेव्हा आरशात बघत नाही.

रविवारी सांगलीला सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. पोंक्षे कोसाचा झब्बा घालून पहिल्या रांगेत, शेजारी चारुशीलाबाई. बक्षिसाआधी प्रेक्षकांचे मोकळे अभिप्राय घ्यायचे होते. तेवढ्यात दारातून केरबा आत आला. पांढरे कपडे, गॉगल, मागे बनुबाई, अंबूबाई आणि जीपभर माणसं. पोंक्ष्यांनी कार्यक्रमपत्रिका तोंडासमोर धरली.

केरबा सरळ फोटोपुढे जाऊन उभा राहिला. निमिष लगबगीने गेले. बाद केलेल्या फोटोंतले चेहरे ते कधी लक्षात ठेवत नसत. ग्रामीण प्रेक्षक त्यांना पहिल्यांदाच मिळत होता.

"काय दिसतं, काका?"

"तुमीच सांगा की."

"हा माणूस बघा," निमिष हळव्या आवाजात म्हणाले. "दुष्काळाने पिचलेला. अन्नाचा कण नाही पोटात. जगात एकटा, मागेपुढे कुणी नाही."

"आन मी कोन मग?" बनुबाईचा आवाज चढला.

केरबाने गॉगल काढला. "त्यो मी हाय," तो म्हणाला.

निमिषनी फोटोकडे बघितलं, केरबाकडे बघितलं, हनुवटीला दोन बोटं लावली. "नाही," ते म्हणाले. "तुम्ही तेवढे अस्सल वाटत नाही."

सभागृहात खसखस पिकली. निमिषना मात्र शंका आली असावी. त्यांनी वळून विचारलं, "पोंक्षे, तुम्ही यांना ओळखता का?"

पोंक्ष्यांना उभं राहावं लागलं. समोर केरबा, त्याच्यामागे भिंतीवर चार वर्षांनी लागलेला आपला फोटो, त्याखाली आपलं नाव. माणसाच्या आयुष्यात खरं बोलायचे प्रसंग फार थोडे येतात आणि पोंक्ष्यांनी तेही विमा कंपनीत संपवले होते.

"नाही," ते म्हणाले. "मी यांना कधी पाहिलेलंही नाही."

"आगं बया!" बनुबाई पुढे सरसावली. "आमच्या घरी वाटीनं रस्सा वरपून गेलासा की वो!"

चारुशीलाबाईंनी केरबाला केव्हाच ओळखलं होतं, पण आता त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. "कसला रस्सा?" त्यांनी विचारलं.

पण केरबाने बायकोचा हात धरला. तो पोंक्ष्यांकडे टक लावून बघत होता. मग त्याच्या मिशा जरा हलल्या.

"गप गं बने. सायेब म्हनत्यात तर न्हाई. मंजी सायेब, फोटूतला मानूस मी न्हवं?"

"नव्हे," पोंक्षे म्हणाले.

"सोंगबिंग मी काय केल्यालं न्हाई?"

"नाही."

"मग येवडं लिवून द्या की. तुमचं काय जातंय?"

काय जाणार! पोंक्ष्यांनी मंडळाच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, की सदर छायाचित्रातील व्यक्ती ही केरबा नसून त्यांचा या छायाचित्राशी काडीचाही संबंध नाही. खाली सही केली. निमिषनी शिक्का मारला. केरबाने कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला आणि पोंक्ष्यांना खाडकन सलाम ठोकला.

"आता बघतो भाऊसोकडं," तो म्हणाला. सगळी माणसं जीपकडे गेली. पोंक्ष्यांचा घाम हळूहळू वाळला.

पहिलं बक्षीस जाहीर झालं. टाळ्या झाल्या. पोंक्षे मंचावर चढले, नारळ घेतला, शाल घेतली. निमिष ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "आणि आनंदाची गोष्ट म्हणजे ही प्रतिमा आता पुण्याच्या मोठ्या प्रदर्शनात जाणार आहे, महिनाभर लागणार आहे. त्यांची फक्त एक अट आहे. प्रतिमेतल्या व्यक्तीचं संमतिपत्र, सहीनिशी, आजच जोडायला हवं. नसेल तर प्रतिमा बाद, आणि मग आपल्यालाही बक्षीस दुसऱ्याला द्यावं लागेल. पोंक्षे, आणून देता ना?"

पोंक्षे संमतिपत्राचा छापील कागद घेऊन, शाल सावरत, नारळ काखेत धरून फाटकाकडे पळाले. माणसं बोर्ड बघत रेंगाळली होती, म्हणून जीप आत्ता कुठे सुरू झाली होती. ते जीपला आडवे गेले.

"केरबा! अहो केरबा! एक सही! एवढी एकच सही करा हो!"

केरबाने कागद घेतला. शांतपणे गॉगल काढून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि खिडकीतून परत दिला.

"सही द्यायचं काय न्हाई वो, सायेब," तो म्हणाला. "पर ह्यात लिवलंय, फोटूतल्या मानसाची सही. आन त्यो मी न्हवं, ह्ये तुमीच आत्ता सही-शिक्क्यानिशी लिवून दिलंय. आमी फौजंतली मानसं, खोटी सही कशी करू?"

त्याने ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली.

"तुमी त्या बिचाऱ्यालाच हुडका," तो म्हणाला. "लय दिसाचा उपाशी हाय म्हनत्यात."